पाण्याखालची हिरवळ आणि माशांचा श्वास

फुलझाडांचा, पांखरांचा किंवा माशांचा नाद लहानपणीं लागणें ही चांगली गोष्ट आहे, असें आमचें मत आहे. आणि तो शाळेच्या भिंतींच्या आंत लागावा, हें तर त्याहून चांगलें. म्हणूनच शास्त्राच्या वर्गांत एखादी काचेची मत्स्यपेटी असावी, तींत नुसते मासे नसून जिवंत पाणवनस्पति असाव्या, आणि पेटीच्या पुढल्या भागांत, जेथें पाहणाराची नजर प्रथम पडते तेथें, मखमालीसारखी हिरवळ पसरलेली असावी, ही जी इच्छा हल्लीं पुष्कळ मुलांच्या तोंडून ऐकूं येते, तिचें आम्ही मनापासून स्वागत करितों. वाद इच्छेचा नाहीं. वाद आहे तो ती पुरी करण्याच्या मार्गाचा.

या वादाचें मूळ एका प्रश्नांत आहे. ही पेटी कोणासाठीं? बाहेरून पाहणारासाठीं, कीं आंत राहणारासाठीं? प्रश्न सोपा दिसतो. परंतु काय विकत घ्यावें, कोणती वनस्पति निवडावी, मासे केव्हां सोडावे, या सर्व गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. आमचें मत आरंभींच स्पष्ट सांगतों. शाळेंतील लहान पेटींत हिरवळ अवश्य लावावी. परंतु ती गॅसच्या सिलिंडरच्या बळावर लावूं नये, ती माशांच्या आधीं लावावी, आणि जी वनस्पति बेताच्या प्रकाशांत सावकाश पसरते तीच निवडावी. या मताचीं कारणें पुढें देत आहों.

मत्स्यपेटीचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. यान इंगेनहौस नांवाच्या डच वैद्यानें १७७९ सालीं असें दाखवून दिलें कीं, पाण्यांत बुडविलेल्या हिरव्या पानांपासून सूर्यप्रकाशांत प्राणवायूचे बुडबुडे निघतात, व अंधारांत ते बंद पडतात. आपल्या वर्गांत हायड्रिलाच्या डहाळ्यांवर नरसाळें उपडें ठेवून जो प्रयोग करितात, त्याचें मूळ येथें आहे. पुढें १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानें दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति एका भांड्यांत ठेवून, पाणी न बदलतां तीं कितपत नांदतात, हें पाहिलें. कांहीं दिवसांनीं जुनीं पानें कुजूं लागलीं, शेवाळ माजलें, पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें तळ्यांतील गोगलगाई त्यांत सोडल्या. त्यांनीं कुजकें खाऊन टाकिलें, आणि तिघांचा संसार सुरळीत चालूं लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, तें अशाच विचारांच्या हवेंत. त्या काळीं वनस्पति पेटींत आली ती शोभेकरितां नव्हे, माशाला श्वास घेतां यावा म्हणून आली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हें पारडें फिरलें. जपानांतील ताकाशी अमानो (१९५४–२०१५) हे छायाचित्रकार. डोंगर, कुरणें व अरण्यें यांचा देखावा त्यांनीं पाण्याखालीं उभा केला. १९८२ सालीं त्यांनीं याच कामासाठीं आपली कंपनी काढली. आणि २००१ सालापासून पाणवनस्पतींच्या मांडणीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील मत्स्यालयांत २०१५ सालीं त्यांनीं रचलेली पेटी ४० मीटर लांबीची आहे. आज मुलें ज्या चित्रांवर लुब्ध होतात, त्यांपैकीं बहुतेकांचें घराणें हेंच. अमानो यांच्या कलेच्या थोरवीविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ती कला जाणत्या हातांनीं, रोजच्या देखरेखीखालीं व पुरेशा साधनांनीं फुलली. तिचें फळ तेवढें उचलून आपल्या दीड फुटी पेटींत आणूं म्हटलें, तर त्याचा भार कोणीतरी सोसावा लागतो. आणि तो सोसणारा मासा असतो.

हें कसें, तें समजण्यासाठीं हिरवळ लावणें कठीण कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. झाडाला अन्न तयार करण्यास प्रकाश लागतो, व कार्बन डायॉक्साइड वायु लागतो. जुन्या शालेय पुस्तकांत यालाच कर्बद्विप्राणिल वायु म्हणत. आपण थोडक्यांत कर्बवायु म्हणूं. हवेंत तो पानापर्यंत सहज पोहोंचतो. पाण्यांत त्याचा प्रसार हवेंतल्यापेक्षां सुमारें १०,००० पट मंद असतो. शिवाय पानाभोंवतीं स्थिर पाण्याचा जो पातळ थर असतो, तो ओलांडूनच त्यास आंत शिरावें लागतें. त्यांत हिरवळीची वनस्पति सर्वांत खालीं, म्हणजे दिव्यापासून सर्वांत दूर. मागच्या उंच झाडांची सावली तिच्यावर. माशांची विष्ठा व उरलेलें अन्न येऊन बसतें, तेंहि तिच्यावरच. म्हणून जी वनस्पति ओलसर मोकळ्या जमिनीवर भराभर हात पसरते, तीच पाण्याखालीं महिनोन् महिने जागच्या जागीं राहते, किंवा उजेडाच्या शोधांत जमीन सोडून वर चढूं लागते. मधल्या काळांत शेवाळ तिच्यावर स्वार होतें, आणि मुलांचा उत्साह मावळतो.

यावर बाजारांत तयार उपाय आहे तो गॅसचा. सिलिंडरमध्यें दाबून भरलेला कर्बवायु बारीक बुडबुड्यांच्या रूपानें पाण्यांत सोडावयाचा. उघड्या हवेशीं समतोल असलेल्या पाण्यांत हा वायु लिटरमागें सुमारें अर्धा मिलिग्रॅम असतो. सिलिंडर लावणारे शौकीन तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ४० ते ६० पट वाढवितात. हिरवळ मग खरोखरच झपाट्यानें पसरते. हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. नीट लक्ष ठेविलें तर बहुतेक मासे एवढ्या प्रमाणांत तग धरितात. परंतु धोक्याची रेषा तेथून फार दूर नसते. माशाच्या रक्तांतील कर्बवायु कल्ल्यांतून बाहेर पाण्यांत जात असतो. बाहेरच त्याची दाटी झाली, तर तो आंतच अडकतो, रक्ताचें आम्लत्व वाढतें, आणि पाण्यांत प्राणवायु असूनहि मासा पृष्ठभागीं येऊन तोंडाची उघडझांप करूं लागतो.

आतां लहान पेटीचा हिशेब करूं. दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटींत दीड घनफूट, म्हणजे सुमारें ४२ लिटर पाणी मावतें. माती, वाळू व वरची मोकळी जागा वजा जातां ३५ लिटर धरावें. आपल्याकडील उन्हाळ्यांत पाणी ३० अंश सेल्सिअसवर सहज जातें, आणि त्या उष्णतेस हवेंतून विरघळणारा प्राणवायु लिटरमागें साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास असतो. गुणाकार करून पाहिल्यास सबंध पेटींतील प्राणवायु पाव ग्रॅमहून किंचित् अधिक भरतो. तेवढाच प्राणवायु आपल्या भोंवतालच्या एका लिटर हवेंत असतो! एक लिटर हवेच्या शिदोरीवर पांच-सहा मासे, गोगलगाई, मातींतील असंख्य सूक्ष्म जीव, आणि रात्रीं स्वतः वनस्पतीहि श्वास घेत असतात. पाण्याचा पृष्ठभाग हवेंतून नवा प्राणवायु ओढीत असतो म्हणूनच हा संसार चालतो. मोठ्या पेटींत एखादी चूक झाली तर ती कळण्यास व सुधारण्यास अवधि मिळतो. ३५ लिटरांत तो मिळत नाहीं.

याच्या जोडीला शाळेचें वेळापत्रक ठेवून पहा. शनिवारीं दुपारीं वर्गास कुलूप लागतें, तें सोमवारीं सकाळीं उघडतें. चाळीस तासांहून अधिक काळ पेटीकडे कोणाची नजर नसते. अशा वेळीं रात्रीं वायु बंद करणारी झडप अडकली, तर वनस्पति तो वायु शोषीत नाहींत, उलट त्यांत भर घालितात. सिलिंडर संपत आला असतां कांहीं साध्या झडपांतून उरलासुरला वायु एकदम सुटतो, हाहि धोका आहेच. कांहीं हुशार मुलें यावर स्वस्त तोड सुचवितात: बाटलींत साखर व यीस्ट घालावें, आंबून निघणारा वायु नळीनें पेटींत न्यावा. रसायनाचा प्रयोग म्हणून तो उत्तम आहे. परंतु आंबण्याची क्रिया सूर्य मावळला म्हणून थांबत नाहीं. बाटलीला रात्र कळत नाहीं. तेव्हां जें साधन जाणत्या माणसाच्या घरीं, रोजच्या नजरेखालीं शोभतें, तें कुलूप लागणाऱ्या वर्गांत शोभत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

येथें कोणी म्हणेल, सिलिंडर नको तर हिरवळहि नको. तळाला नुसती वाळू पसरावी, प्लॅस्टिकचें गवत टोंचावें, झालें. या मताशींहि आम्ही सहमत नाहीं. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यांत येतो, व तो विषारी आहे. वाळूंत व फिल्टरमध्यें राहणारे जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात. नायट्राइटहि विषारीच, नायट्रेट त्या मानानें सौम्य. जिवंत वनस्पति अमोनिया व नायट्रेट हीं दोन्हीं खत म्हणून उचलतात, आणि मुळांवाटे मातींत थोडा प्राणवायुहि सोडतात, त्यामुळें तळ सहसा सडत नाहीं. प्लॅस्टिकचें गवत यांपैकीं कांहींच करीत नाहीं. त्यावर शेवाळ मात्र बसतें. मुलांस जिवंत वस्तु दाखवावयाची म्हणून पेटी आणावी, व तींत निर्जीव गवत ठेवावें, यांत मेळ कोठें आहे?

राहिला मधला मार्ग. आणि तो मुख्यतः निवडीचा आहे. चित्रांत दिसणारी अतिबारीक पानांची हिरवळ पुष्कळदां हेमिआंथस क्यूबा नांवाच्या वनस्पतीची असते. नांवाप्रमाणें ती क्यूबा बेटाकडील. तिचें पान अवघ्या कांहीं मिलिमीटरांचें. तिला प्रखर प्रकाश व भरपूर कर्बवायु लागतो. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाकडील ग्लोसोस्टिग्मा हिचाहि स्वभाव तसाच. उजेड कमी पडला कीं ती जमीन सोडून उभी राहते. दक्षिण अमेरिकेंतील मॉन्टे कार्लो त्यामानानें समजूतदार. परंतु शाळेसाठीं आम्ही यांहून सोशिक मंडळी सुचवितों. मार्सिलिया हिर्सुटा हा ऑस्ट्रेलियांतील एक पाणनेचा. पाण्याखालीं त्यास पुष्कळदां चार दलांऐवजीं एकच दल येतें, आणि तो जमिनीलगत धांवणाऱ्या खोडानें पसरतो. त्याचाच भाऊबंद असलेला, चार दलांच्या पानांचा मार्सिलिया आपल्या भाताच्या खाचरांत उगवतो. संस्कृत वैद्यकांतील सुनिषण्णक तो हाच, असें मानितात. श्रीलंकेंतील क्रिप्टोकोरीन पार्वा तर आळशांची राणी म्हणावी इतकी सावकाश वाढते. पण एकदां रुजली म्हणजे फारशी तक्रार करीत नाहीं. बारीक केसांसारखें उगवणारें एलिओकॅरिस हें लव्हाळ्याच्या कुळांतील गवतहि, प्रकाश बरा असल्यास, गॅसवांचून हळूहळू पसरतें.

दुसरी गोष्ट काळाची. यांपैकीं बहुतेक वनस्पति निसर्गांत उभयचर आहेत. ओढ्याकांठीं किंवा चिखलांत त्या पावसाळ्यांत पाण्याखालीं जातात, व पाणी ओसरलें कीं हवेंत वाढतात. रोपवाटिकांतूनहि त्या बहुधा हवेंतच वाढविलेल्या असतात. या स्वभावाचा फायदा घेऊन प्रथम पेटींत पाणी न भरतां केवळ ओल्या मातीवर हिरवळ वाढवावी, आणि ती पसरल्यावर पाणी भरावें, अशी एक पद्धति आहे. हवेंत कर्बवायु फुकट व अखंड मिळतो. सिलिंडरचें काम वातावरणच करितें. आश्चर्य हें कीं, ही पद्धति आपल्या शाळेच्या पंचांगाशीं तंतोतंत जुळते.

जूनच्या मध्यास शाळा उघडतांच पेटीच्या तळाशीं बागेंतील जुनी, ताजें खत न घातलेली माती चाळून सुमारें अडीच सेंटिमीटर जाडीची पसरावी. अमेरिकेंतील डायाना वॉल्स्टड यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत साध्या मातीचें महत्त्व सविस्तर मांडिलें आहे: मातींतील सेंद्रिय अंश कुजतांना सूक्ष्म जीवांकडून जो कर्बवायु निघतो, तोच वनस्पतीस हळूहळू मिळत राहतो. मातीवर एक-दोन मिलिमीटर दाण्याची धुतलेली वाळू तितकीच जाड घालावी. समुद्रकांठची वाळू टाळावी. तींत शिंपल्यांचा चुरा असतो, व त्यांतील चुन्यामुळें पाणी जड होतें. शंका आल्यास चिमूटभर वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकावे. फेंस आला तर ती वाळू उपयोगाची नाहीं. मग रोपांचे लहान लहान झुबके चिमट्यानें दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर टोंचावे. संबंध जुडगा एके जागीं लावण्याचा मोह आवरावा. हिरवळ पसरते ती कडांनीं, आणि झुबके जितके अधिक तितक्या कडा अधिक. माती ओली राहील, परंतु वर पाणी साचणार नाहीं, इतपत पाणी घालून पेटीचें तोंड प्लॅस्टिकच्या कागदानें झांकावें, व बुरशी येऊं नये म्हणून रोज कांहीं मिनिटें तें उघडावें. आपल्या पावसाळ्याची दमट हवा या कामास अनुकूलच असते.

सहा ते आठ आठवड्यांत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत, वाळू बरीच झांकली जाते. मग तळावर बशी ठेवून तिच्यावर धार धरून पाणी सावकाश भरावें, म्हणजे माती उचलली जात नाहीं. नळाचें पाणी एक दिवस उघड्या भांड्यांत ठेविलें असतां त्यांतील क्लोरीन उडून जातो. पाण्याखालीं गेल्यावर कांहीं जुनीं पानें विरघळल्यासारखीं होतात. तें पाहून मुलांनीं घाबरूं नये. हवेंतल्या पानांस बाष्प राखणारी कातडी असते, ती पाण्यांत निरुपयोगी ठरते. नवीं पानें पातळ व पाण्याजोगीं येतात. दिवा रोज सहा-सात तास पुरे. तो घड्याळी बटणावर लावावा. पेटी खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये, शेवाळ व उष्णता दोन्हीं वाढतात. मातींतून आरंभीं अमोनिया सुटतो. म्हणून तीन-चार आठवडे दर आठवड्यास अर्धें पाणी बदलावें, आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याचें तपासणीच्या द्रावणानें पाहिल्यावांचून एकहि मासा आणूं नये. प्रथम गोगलगाई, मग दीड इंचाहून मोठे न होणारे पांच-सहा मासे. सोनेरी मासा या पेटींत नको. तो मोठा होतो, तळ उकरतो व कोंवळीं पानें खातो. असें केल्यास सप्टेंबरच्या उत्तरार्धांत मासे येतात, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पेटीची घडी बसलेली असते. सुट्टींत आठवड्यांतून दोनदां कोणी येऊन पाणी पाहून गेलें, तर काम भागतें. धडधाकट मोठ्या माशांस दोन-चार दिवसांचा उपास बाधत नाहीं, बाधतें तें सुट्टीच्या आधीं घातलेलें मूठभर अन्न.

या पद्धतीवर एक आक्षेप येईल तो उशिराचा. तीन महिने मासा नाहीं, म्हणजे मुलें कंटाळतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. मुलें कंटाळतात तीं करण्यास कांहीं नसलें म्हणजे. एका पारदर्शक कागदावर सेंटिमीटरचे चौकोन आंखावे, तो दर सोमवारीं पेटीवर ठेवून किती चौकोन हिरवे झाले तें मोजावें, व त्याचा आलेख काढावा. प्रथम कांहीं दिवस रेषा जवळजवळ आडवी जाईल, मग ती वर वळेल, कांच जवळ आल्यावर पुन्हां मंदावेल. वाढीचा हा वळसा पुस्तकांतील चित्रापेक्षां स्वतः मोजलेल्या आंकड्यांतून अधिक पक्का समजतो. पेटी भरल्यानंतरहि काम संपत नाहीं. हिरवळ जाड झाली कीं खालचा थर सावलींत पिवळा पडतो, मुळें सुटतात, आणि सबंध गालिचा उचलला जाऊन वर तरंगूं लागतो. म्हणून तिला वेळोवेळीं कात्री लावावी लागते.

कात्रीचा विषय निघाला, तेव्हां आमच्या मतें या छंदांतील सर्वांत गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. कापलेले तुकडे जातात कोठें? पुष्कळ घरांत ते मोरींत, गटारांत किंवा जवळच्या ओढ्यांत टाकितात. पुण्याच्या मुळा-मुठांत व पवनेंत जी जलपर्णी माजते, ती मूळची दक्षिण अमेरिकेंतील. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहानें माणसांनींच तिला देशोदेशीं नेलें. केरळांतील पाण्यांत माजलेली साल्व्हिनिया हीहि तिकडचीच. दोन्हीं वनस्पति पाण्यावर आच्छादन घालून खालच्या माशांचा उजेड व प्राणवायु हिरावून घेतात. हिरवळीच्या वनस्पति तुकड्यापासून किंवा धांवत्या खोडापासून नवें रोप तयार करितात. हा जो त्यांचा गुण पेटींत आपणांस हवासा वाटतो, तोच ओढ्यांत गेल्यावर अवगुण ठरतो. म्हणून प्रत्येक तुकडा उन्हांत कडकडीत वाळवून मगच खताच्या खड्ड्यांत टाकावा. मासे नकोसे झाले तर विहिरींत किंवा तळ्यांत सोडणें हा दयेचा मार्ग नव्हे. ते दुसऱ्या शौकिनास द्यावे.

याच्या उलट बाजूनेंहि मोह होतो. बाहेरून विकत कां आणावें, आपल्या सह्याद्रींत काय कमी आहे, असें म्हणून मुलें सहलीच्या पिशवींत मुळांसकट वनस्पति भरून आणितात. सातारा जिल्ह्यांतील कासच्या पठारावर पावसाळ्यांत फुलणारी निळी-जांभळी सीतेची आसवें ही यूट्रिक्युलेरिया कुळांतील. तिचीच एक बहीण यूट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया हिरवळ म्हणून मत्स्यपेट्यांत लावितात, हें वाचून एखाद्यास वाटेल कीं एक मूठ उपटून आणावी. परंतु हीं रोपें खडकावरच्या पातळ, निकस थरांत वाढतात, आणि सूक्ष्म जीव पिशव्यांत पकडून त्यांवर गुजराण करितात. बागेच्या सकस मातींत तीं नीट जगत नाहींत. म्हणजे पठाराचें नुकसान तर झालेंच, आणि पेटीसहि लाभ नाहीं. पश्चिम घाटांतील ज्या स्थळांस २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत कास आहे. तेथें फूल तोडण्यासहि मनाई आहे. तें पाहावें, चित्र काढावें, आणि परत यावें.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा. हिरवळ ही पाहणाराच्या डोळ्यांस सुख देते, तें सुख घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु त्याची किंमत माशांच्या श्वासांतून किंवा गांवच्या ओढ्यांतून वसूल होऊं नये. सोशिक वनस्पति, साधी माती, हवेंतील फुकटचा कर्बवायु आणि एका सहामाहीचा अवधि, एवढ्या भांडवलावर ही गोष्ट साधते. चित्रांतल्याइतकी ती दाट येणार नाहीं. कोपऱ्यांत थोडी वाळू उघडी दिसेल, मार्सिलियाचें एखादें पान वेडेंवांकडें उभें राहील. त्यानें शाळेच्या पेटीला कमीपणा येत नाहीं.

पुढील जूनमध्यें शास्त्राच्या वर्गांत पेटी आलीच, तर पहिल्या दिवशीं तींत माती पडावी, पाणी नव्हे. शेजारीं एक वही टांगलेली असावी, तींत दर सोमवारचे चौकोन, पाण्याची उष्णता व तपासणीचे आंकडे मुलांनीं आळीपाळीनें लिहावे. आणि मासे आणण्याचा दिवस कोणाच्या वाढदिवसावरून किंवा बक्षीस-समारंभावरून न ठरतां त्या वहीवरून ठरावा.